ओव्हन १८०वर, केक कच्चाच!

प्रश्न: डिजिटल बिल्टइन ओव्हन १८०वर लावते, तासभर झाला तरी केक मधे कच्चाच, मेकॅनिक म्हणतो सेन्सर गेला. बदलू का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: ताई, लगेच नको. आधी ओव्हनचं थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून बघा, दहा-पंधरा डिग्री इकडेतिकडे चालतंच, पण चाळीस-पन्नासचा फरक आला तर मेन स्विच बंद करून, ओव्हन पूर्ण गार झाल्यावर मेकॅनिकला सेन्सर सुटा करून मल्टीमीटर (रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजणारं यंत्र) लावायला सांगा. सेन्सर पीटी१००० प्रकारचा (प्लॅटिनमचा, तापला की रेझिस्टन्स वाढणारा) असेल तर २५ डिग्रीला साधारण १०९७ ओहम हवेत, पीटी५०० असेल तर निम्मे. आकडा बरोबर आला तर कनेक्टर बघा, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत गंज चढतो, रेझिस्टन्स वाढतो आणि ओव्हनला वाटतं आपण तापलोय, मग तो हीटर लवकर बंद करतो (न बघताच सेन्सर बदलणारे महाभाग खूप). साध्या नॉबवाल्या ओटीजीत मात्र सहसा असा सेन्सर नसून थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला आपोआप बंद होणारा स्विच) असतो, तिथे हे आकडे लागू नाहीत.