कोल्हापुरात घरच्या रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) काचेवर तांबूस चपटे किडे झालेत, औषध टाकू का?

गंजाच्या रंगाचे, शेपटीला दोन-तीन टोकं असतील तर ते लाल प्लॅनेरिया. लगेच औषध नको. मरताना ते विष सोडतात. एकदम ढिगाने मेले तर मासेही जातात. आधी पातळ नळीने रोज जमतील तेवढे ओढून काढा. मगच फ्लॅटवर्म एक्झिट हे किडे मारायचं औषध, तेही समुद्री टँकचं मीठ कालवलेलं आरओचं पाणी आणि ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन (विष, औषध शोषून घेणारा कोळसा) हाताशी ठेवून. कोल्हापुरात मिळालं नाही तर पुण्या-मुंबईहून मागवा, तोवर नळी चालूच ठेवा. औषधाच्या वेळी कार्बन बाहेर. किडे गळून तरंगू लागले की ओढत राहा, मग पाणी बदलून कार्बन लावा. सिक्सलाइन रास हा मासा काही किडे खातो, पण महाभांडखोर! ॲक्रोपोरा या प्रवाळावरचे किडे मात्र वेगळे. तिथे कोरल डिप करा, म्हणजे प्रवाळ औषधी द्रावणात बुडवा. अंडी त्यानेही मरत नाहीत, खरवडावीच लागतात.