निवृत्तीचे 12 लाख प्रादेशिक विमान कंपनीच्या शेअरमध्ये घालू का?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्ती, वय 58. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 42 लाख महिन्याभरापूर्वी हातात आले. ओळखीचा ब्रोकर एका छोट्या विमान कंपनीचे अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेले) शेअर देतोय, दोन वर्षांत आयपीओ येईल, म्हणजे शेअर बाजारात येतील म्हणतोय. मोठ्या कंपनीचा आधार नसताना ही कंपनी टिकेल का, आणि 12 लाख घालावेत का?

घालू नका. कंपनी टिकणारच नाही असं माझं म्हणणं नाही. स्टार एअर 2019 पासून उडतेय, पण तिच्यामागे घोडावत समूह उभा आहे. तुमच्या कंपनीमागे कोण आहे, हे आधी विचारा.

अमेरिकेत छोट्या कंपन्या बहुधा मोठ्या कंपनीच्या नावाने, ठरलेल्या मोबदल्यावर उडतात. तिकीट खपलं नाही तर तोटा मोठीचा. अटलांटिक कोस्ट एअरलाइन्सने युनायटेड या मोठ्या कंपनीची साथ सोडून 2004 मध्ये इंडिपेंडन्स एअर काढली. 50 सीटची जेट, स्वस्त तिकिटं आणि चढतं इंधन यांचा मेळ बसला नाही. जानेवारी 2006 मध्ये ती बंद पडली. आपल्याकडे मोठ्या कंपनीच्या नावाने उडण्याचे करार रुळलेलेच नाहीत. आधार आहे तो छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेचा: ठराविक सीटवरचा तोटा सरकार भरून देतं आणि त्या मार्गावर दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही, पण फक्त 3 वर्षं. तोवर प्रवासी जमवलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच मोठी कंपनी तिथे विमान घालू शकते. ट्रूजेट, एअर कोस्टा, एअर पेगासस यातली एकही आज उडत नाही.

खरी अडचण विमानांच्या संख्येत आहे. समजा ताफ्यात 3 विमानं आहेत. एकाचं इंजिन उतरवावं लागलं की एक तृतीयांश फेऱ्या रद्द. पैसे परत द्यायचे, वैमानिकांचा पगार चालू, आणि विमानाचं भाडं तर डॉलरमध्ये, विमान उडो न उडो. मोठ्या कंपनीकडे जादा विमान असतं, सुटे भाग असतात. त्यात मुंबईचे स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्या-उडवण्याच्या ठरवून मिळालेल्या वेळा; त्या सोयीच्या असतीलच असं नाही. सकाळी जाऊन रात्री परतायचं असलेला उद्योजक दुपारच्या विमानाचं जास्तीचं तिकीट का काढेल? त्याच्यासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहेच.

शेअरधारकाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कंपनी दिवाळखोरीत गेली की देणेकऱ्यांच्या वसुलीला स्थगिती मिळते; ऑक्टोबर 2023 पासून त्या स्थगितीतून विमानं वगळली आहेत. भाडं थकलं की मालक विमान काढून नेऊ शकतो. मग कंपनीकडे विकण्याजोगं फारसं उरत नाही, आणि जे उरतं त्यात शेअरधारकाचा नंबर शेवटचा. जेट एअरवेज तर बड्या कंपन्यांपैकी होती. 2019 मध्ये थांबली, 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

ब्रोकरकडून लेखी मागा: किती मार्ग उडानवर आहेत आणि प्रत्येकाची मुदत कधी संपते, रोकड किती महिन्यांच्या भाड्याला पुरेल, इंजिन देखभालीचा निधी वेळेवर भरला जातोय का. टोलवाटोलवी झाली तर विषय तिथेच संपवा. आयपीओ आलाच तरी आधी घेतलेले शेअर साधारण 6 महिने विकता येत नाहीत, हे तो सहसा सांगत नाही. सगळं कळूनही मोह सुटत नसेल, तर 1 लाखाच्या वर जाऊ नका, आणि आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) तपासल्याशिवाय रुपयाही पाठवू नका.

आता जास्त निकडीचं. 55 ते 60 वयात निवृत्त झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात, मात्र निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून 3 महिन्यांच्या आत. तुमचा एक महिना गेलाय. 30 लाख ठेवलेत तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये येतील. रक्कम मिळाल्याचं पत्र आणि मालकाचा निवृत्तीचा दाखला घेऊन याच आठवड्यात पोस्टात किंवा बँकेत जा. उरलेल्या 12 लाखांपैकी वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम एफडीत ठेवा, बाकीचं नंतर सावकाश ठरवता येईल.