मूर्ती, मूर्च्छा आणि दवाखान्याची पाटी

प्रश्न : बायबलमधला संदेष्टा यिर्मया म्हणतो, हृदय सर्वांत कपटी आहे (१७:९). त्याच बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात मात्र आज्ञा आहे की देवावर पूर्ण हृदयाने प्रीती कर (६:५). कपटी हृदयाने प्रीती करायची कशी? शिवाय प्रेषित पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही (१ करिंथ ८:४); आणि यहेज्केल म्हणतो, लोकांनी आपल्या हृदयात मूर्ती बसवल्या आहेत (१४:३). जे काहीच नाही, ते हृदयात बसतं कसं? की हा नुसता शब्दांचा घोळ आहे? – एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : आधी पाटीचं बोलू. धंतोलीतून रामदासपेठेकडे चालत निघा. दवाखान्यांच्या पाट्यांवर 'ह्रदयरोग' भेटतोच. अहो, ह्रद म्हणजे डोह! ह्रदयरोग झालाच तर फुटाळा तलावाच्या पाण्याला होईल, माणसाला नाही. माणसाला असतं ते हृदय, ह-ला ऋकार.

दुसरा ताप सकाळच्या व्हॉट्सॲपचा. 'हृ म्हणजे हरण, द म्हणजे दान, य म्हणजे यमन, म्हणून आपल्या ऋषींना रक्ताभिसरण ठाऊक होतं.' बृहदारण्यक उपनिषदात या तीन अक्षरांवर चिंतन आहे, पण त्यात रक्ताचं नाव नाही. छांदोग्य तर वेगळीच फोड करतं, 'हृदि अयम्', हृदयात हा आहे. एकाच शब्दाच्या दोन उपनिषदांत दोन फोडी दिसल्या की ओळखावं, हे ध्यानासाठी आहे, व्याकरणासाठी नाही. शब्दाचे खरे भाऊबंद ग्रीक 'कार्डिया' आणि लॅटिन 'कोर'.

आता हिब्रू, बायबलच्या जुन्या कराराची भाषा. तिथला शब्द 'लेव'. त्याचा अर्थ आपल्या सिनेमातलं दिल नव्हे. नीतिसूत्रांत 'लेव नसलेला' माणूस येतो, तो निर्दय नसतो, बेअक्कल असतो. विचार, बेत, निश्चय, सगळं लेवमध्ये. भावना बऱ्याचदा खाली, मूत्रपिंडांत नि आतड्यांत. आपलंही आतडं तुटतंच की. आणि काळीज? मटणाच्या दुकानात कलेजी मागा, यकृत हातात पडतं. तेव्हा कपटी हृदय म्हणजे बेत रचणारं मन, आणि पूर्ण हृदयाने प्रीती म्हणजे तोच कारभार सगळा एकीकडे वळवणं. ज्याला कपट जमतं त्यालाच निष्ठाही मागता येते. दगडाला कोण आज्ञा करतो? पहिला प्रश्न माझ्या लेखी एवढाच.

खरी मजा 'मूर्ती'त आहे. हा शब्द मूर्छ् धातूचा. पाणिनीच्या 'राल्लोपः' (६.४.२१) या सूत्राने र-नंतरचा छ गळतो आणि मूर्त, मूर्ति ही रूपं उभी राहतात. म्हणजे मूर्ती आणि मूर्च्छा सख्ख्या बहिणी! डिसेंबरात आपल्याकडे खोबरेलाची बाटली थिजते, उलटी केली तरी थेंब पडत नाही, मग ती गच्चीवर उन्हात ठेवावी लागते. ते थिजणं म्हणजे मूर्छ्. पातळ होतं त्याला आकार आला, ती मूर्ती. वाहतं होतं ते ताठरलं, ती मूर्च्छा. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर विल्यम्स गोठण्याचा अर्थ पुढे ठेवतो. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, म्हणते 'मोहसमुच्छ्राययोः', मोह आणि वाढ या अर्थांनी; मोह आधी. एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ऐकवलं की धातुपाठातल्या अर्थांच्या क्रमाला काही किंमत नसते. नसेल! पण मूर्तीच्या धातूत मोह निघतो आणि तुम्ही त्याला क्रमाचा योगायोग म्हणता, तर मग व्याकरण शिकवता कशाला?

कारण आता बायबलमधलं स्तोत्र ११५ वाचा. मूर्तींना डोळे आहेत पण दिसत नाही, कान आहेत पण ऐकू येत नाही. आणि त्या घडवणारे त्यांच्यासारखेच होतात. ही मूर्च्छाच झाली. यहेज्केल ३६ मध्ये तर दोन वचनं लागोपाठ आहेत. पंचविसाव्यात मूर्तींपासून शुद्धी, सव्विसाव्यात पाषाणाचं हृदय काढून मांसाचं देणं. आत थिजलेलं बाहेर काढून वाहतं करणं, असं मी वाचतो. हिब्रूला संस्कृत धातू ठाऊक नव्हता हे मला कळतं, कुणी पत्राने कळवू नये. यहेज्केलचा स्वतःचा आवडता शब्द 'गिल्लुलीम'. त्यात शेणाच्या गोळ्यांचा वास येतो असं अनेक अभ्यासक मानतात. ती त्याची शिवी आहे, त्याच्याच लोकांना घातलेली. आपल्या देवघराशी तिचा संबंध जोडून भांडायला येऊ नका.

राहिला पौल. त्याने दोन अध्याय पुढे (१०:२०) मूर्तींपुढच्या नैवेद्यांबद्दल कडक इशारा दिलाय, आणि कलस्सैकरांना लिहिताना (३:५) लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय. म्हणजे दगडात काही नसलं तरी धरणाऱ्याच्या मुठीत आहे. आणि हो, मूर्तिपूजेतला 'ति' ऱ्हस्व. तुमच्या पत्रात हृदय पाचही ठिकाणी 'ह्रदय' होतं. वर छापताना मी नीट केलंय.