रोपवाटिकेच्या व्यवसायातून कोणी जगभर नाव मिळवले आहे का?

होय, लंडनचे सर हॅरी व्हीच (१८४०–१९२४). चेल्सी येथील घराण्याची रोपवाटिका सांभाळताना त्यांनी नव्या झाडांच्या शोधात माणसे दूरदेशी धाडली. १८९९ मध्ये त्यांनी चीनला पाठवलेला अर्नेस्ट विल्सन, फुलोऱ्याभोवती रुमालासारखी पांढरी पाने लोंबणाऱ्या डेव्हिडिया वृक्षाच्या नेमक्या जागी पोहोचला, तेव्हा तिथे नुसता बुंधा उरला होता आणि शेजारी त्याच लाकडाचे नवे घर उभे होते. तरीही शोध न सोडता त्याने दुसरी झाडे गाठून भरपूर बी पाठवले. अशा बेभरवशाच्या कामात पदरचा पैसा घालत राहणे, हेच मला व्हीच यांचे खरे मोठेपण वाटते. १९१२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांना अपत्य नव्हते. १९१४ मध्ये चेल्सीचा व्यवसाय त्यांनी स्वतःच बंद केला.