मालवणच्या ४१२ फोटोंबद्दल

सोलापूर,
रविवार रात्र

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा पेनड्राइव्ह परवा मिळाला. मालवणचे ४१२ फोटो. दोन संध्याकाळी बसून सगळे पाहिले, एकही गाळला नाही. आयुष्यभर लग्नांचे अल्बम निवडले, त्यामुळे असल्या कामाचा मला कंटाळा येत नाही. त्यातल्या ९ फोटोंपाशी हात थांबला. नाराज होऊ नकोस. रोलच्या काळात ३६ फोटोंत एक मनासारखा निघाला की मी घरी जाताना भजी घेऊन जायचो.

गंमत अशी, की या नवांपैकी एकाच फोटोत सूर्य आहे. मावळत्या सूर्याचे तू १४० काढलेस. (हो, मोजले.) कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून बसलेला, त्यामुळे संध्याकाळी सूर्य समोर असतो आणि त्याच्या आड येणारं सगळं काळं होतं. होडी काळी, माणूस काळा, माड काळा. असे दोन फोटो छान दिसतात, एकशेचाळीस नाही. पाठ फिरवायची. तेच ऊन मागच्या माणसांच्या तोंडावर पडलेलं असतं, होड्यांचा रंग उजळलेला असतो, ओल्या जाळ्याची एकेक गाठ दिसते. तुझा तो रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांचा फोटो तसाच निघालाय. तू बहुधा चप्पल घ्यायला वळलीस आणि तो मिळाला. खरं की नाही?

त्या फोटोबद्दल पुढे लिहितो. आधी भरती-ओहोटीचं सांगतो, कारण तू तिथी न बघता गेलीस हे फोटोंवरून कळतं. संध्याकाळच्या सगळ्या फोटोंत वाळूची चिंचोळी पट्टी उरलीय. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या. ओहोटी त्यानंतर सहाएक तासांनी. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण सहल ठरवायला एवढं पुरतं. आता तूच बघ. अष्टमीला सूर्य मावळताना पाणी भरलेलं, आणि पौर्णिमेला त्याच वेळी ओसरलेलं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे ते लांबवर ओसरतं. लाट मागे गेल्यावर ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर काही क्षण आरशासारखा राहतो. कॅमेरा गुडघ्याच्या खाली नेलास तर त्यात अख्खं आभाळ मिळतं. आणि पौर्णिमेला सूर्य बुडतो त्याच सुमारास मागे माडांवरून चंद्र वर येतो. म्हणजे पुन्हा पाठ फिरवणं आलं.

खारं पाणी कॅमेऱ्याला वाईट. आल्या आल्या काच कपड्याने घासू नकोस, आधी फुंकणीने रेती उडव, मग ओलसर फडकं. किनाऱ्यावर लेन्स बदलू नकोस. बस, एवढंच.

आता तुझ्या चिठ्ठीतलं वाक्य: "काका, सोलापुरात काढण्यासारखं काय आहे?" वाचून थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. पण राग बाजूला ठेवून एक गोष्ट दाखवतो.

तुझ्या फोटोंत लाटांचा फेस राखाडी आलाय. वाळूही मळकी. कॅमेरा बिघडलेला नाही. त्याला पांढरं काय आणि काळं काय हे कळत नाही, समोर येईल त्याला तो मधल्या राखाडीपर्यंत आणतो. पांढरं जास्त असेल तर दाबतो, काळं जास्त असेल तर उजळवतो. फेसासाठी त्याला बजावावं लागतं की एक पायरी, म्हणजे दुप्पट, उजेड वाढव. आता जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला चल. संक्रांतीच्या आसपास सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, आणि ते पेलणारे, बरोबर चालणारे हजारो लोक पांढऱ्या बाराबंदीत. सगळा रस्ता फेसाळलेला. तिथेही कॅमेरा पांढऱ्याचं राखाडी करतो आणि तिथेही तीच एक पायरी वाढवायची. आणि भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडाला उलटं, अर्धी-पाऊण पायरी कमी, नाहीतर तो दगड सिमेंटचा वाटतो. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने त्या भिंतीवर ऊन येतं तेव्हा ये. दगडाच्या सांधेजोडीत सावली भरलेली असते. दहानंतर येशील तर भिंत सपाट दिसेल, वेळ फुकट.

आपल्याकडचं ऊन हाच खरा अडसर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दुपारी माणसाचे डोळे फोटोत खोबणीसारखे काळे येतात. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते आठ, संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात घरात नाहीतर पडवीत. दिवाळी ते होळी मात्र ऊन तिरपं असतं, त्या दिवसांत भरपूर भटकून घे. आणि पाऊस पडला की, आपल्याकडे तो मुळात कमी, हातातलं काम टाकून नवी पेठेत जा. डबक्यात दुकानांचे दिवे पडतात. ती तुझी ओली वाळू.

लाटा हव्यातच असतील तर वारं सुटलेल्या दिवशी हिप्परग्याच्या तलावावर जा. खऱ्या लाटा नव्हेत, पण पाणी किती वेळात धूसर होतं हे शिकायला पुरेशा. सेकंदाच्या पाचशेव्या भागात थेंब गोठतो, अर्ध्या सेकंदात पाण्याची साय होते. स्टँड लागेल. माझा घेऊन जा, एक पाय ढिला आहे त्याला रबर लाव.

पण माझ्या मते तुझं खरं शिक्षण सोलापूरच्या पूर्व भागात होईल. यंत्रमागाचे कारखाने, गल्लीभर खटखट, घराघरांत तेलुगू. समुद्राला तू विचारलं नाहीस तरी चालतं, तिथे विचारावं लागतं. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेव. "बागुन्नारा?" एवढं तेलुगू आलं तरी माणूस हसतो. चहा घे, कामाची माहिती विचार, परत ये. दुसऱ्या वेळी कॅमेरा काढ. तिसऱ्या वेळी प्रिंट घेऊन जा. चार बाय सहाची प्रिंट किती स्वस्त, पण तिच्यामुळे पुढचं दार उघडतं. विड्या वळणाऱ्या बायकांचे फोटो सगळे काढतात, कोण परत जाऊन देतं? त्यांनी नको म्हटलं तर नको. आणि एकटी जाऊ नकोस, मैत्रीण घे. मी म्हातारा पुरुष, मला त्या गल्लीत कुणी अडवत नाही. तुला मैत्रीण असली की मागे वळून बघावं लागत नाही, फोटोकडे लक्ष राहतं.

कारखान्यात एक घोळ होईल. फोटोवर आडवे काळसर पट्टे येतील. ते ट्यूबचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात आणि शटर फार वेगात असलं की तो मधला अंधार पकडला जातो. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेव, पट्टे जातात. १/५० ला धावता धोटा (मागात आडवं सूत नेणारा) थोडा पुसट येतो, तो येऊ दे. गोठलेला धोटा बंद पडलेल्या मागासारखा दिसतो.

आता रंग. तुझ्या सूर्यास्ताच्या फोटोंत तू आभाळ शेंदरी केलंयस. हे मी ओळखलं कारण हेच पाप मी केलंय. २००७ साली मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला बसलो. एका चादरीच्या दुकानदाराचं कॅटलॉगचं काम होतं. रंगाची पट्टी सरकवली की चादर अशी काही झळकायची की मी ती शेवटपर्यंत सरकवली. आमचे आप्पा मिलच्या रंगखात्यात तीस वर्षं होते, तेव्हा निवृत्त. मागे येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "काय करायलास? हा लाल कुठल्या भट्टीत काढलास?" मी म्हटलं, फोटोत असं चालतं. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन खाटेवरची चादर ओढून आणली, आधी खिडकीतल्या उन्हात धरली, मग बल्बखाली. उन्हातला लाल जरा जांभळ्याकडे झुकलेला, बल्बखालचा पिवळटलेला. "आता सांग, यातला तुझा कुठला?"

दोन्हीतला कुठलाच नव्हता. दुकानदारानेही कॅटलॉग परत पाठवलं, गिऱ्हाईक भांडेल म्हणून.

तेव्हापासून खिशात एक छोटी वही असते. फोटो काढायच्या आधी किंवा लगेच नंतर दोन-तीन शब्द लिहायचे: मी इथे का थांबलो. "दोरावरचे पाय." "काळ्या दगडावर ओल." "म्हातारीच्या बांगड्या, ऊन." लाल असेल तर कसला लाल, कुंकवाचा, विटेचा की गाजराचा. हे शब्द रात्री स्क्रीनसमोर कामी येतात, कारण आठ दिवसांनी डोळ्याला खरं आठवत नाही, जे झळकतं तेच त्याला खरं वाटतं. फोटो सुधारताना मी एकच प्रश्न विचारतो: या हालचालीने वहीतला शब्द पुढे येतोय की मागे जातोय? मागे जात असेल तर ती पट्टी जागेवर.

तुझा रापणीचा फोटोच घे. तू वही ठेवली नव्हतीस, म्हणून तुझा शब्द मी ओळखतो: पाय. वाळूत रुतलेले सहा जणांचे पाय आणि ताणलेला दोर. पण फोटोचा वरचा अर्धा भाग आभाळाने खाल्लाय आणि त्या आभाळावर तू सगळ्यात जास्त मेहनत केलीस. मी काय केलं ते सांगतो. क्षितिज डावीकडे कललं होतं, ते सरळ केलं. (समुद्र कललेला दिसला की बघणाऱ्याला पाणी सांडतंय असं वाटतं.) वरचं आभाळ कापलं, डोक्यांच्या वर बोटभर ठेवलं. रंगाचा तोल थोडा निळ्याकडे आणला, वाळू पुन्हा वाळूसारखी झाली. मग पाय आणि दोर एवढेच जरासे उजळले, कोपरे जरासे दाबले. अंधाऱ्या खोलीत आम्ही हे तारेला पुठ्ठ्याची टिकली लावून करायचो. प्रकाश पडताना टिकली हलवत राहायची, नाहीतर तिची कड कागदावर उमटायची. स्क्रीनवर बोटाने करतानाही तेच, कड दिसली की चोरी पकडली गेली. शेवटी धार किंचित वाढवली. सगळं मिळून सात मिनिटं. पाऊण तास लागत असेल तर फोटो चुकलाय असं समज आणि दुसरा घे.

आणखी एक. तू सगळं जेपेगमध्ये काढलंस. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, चौदा बिटचा कॅमेरा असेल तर १६ हजारांवर. आभाळ ओढलं की तुझ्या फोटोंत जे पट्टे पडलेत ते त्यामुळे. कार्ड लवकर भरेल, भरू दे. पण उजेडाने पार पांढरं पडलेलं रॉमध्येही परत येत नाही, त्यामुळे ढगाची कड काढतानाच सांभाळ.

कृष्णधवलबद्दल तू विचारलंयस. रंग जमले नाहीत म्हणून फोटो काळा-पांढरा करायचा, हे मला आवडत नाही. आपली चादर हिरव्या जमिनीवर लाल मोर अशी असेल तर सरसकट रंग काढल्यावर मोर गायब होतो, दोन्ही रंग एकाच राखाडीत जातात. लालची पट्टी वर, हिरव्याची खाली केलीस की मोर परत येतो. घरच्या चादरीवर करून बघ.

निवड आठ दिवस थांबून कर. आल्या रात्री बसलीस तर प्रवासाची मजा फोटोत दिसत राहते, जी फोटोत नसते. माझे नऊ मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत, पण आधी तुझे नऊ काढ, मग जुळवू.

येत्या रविवारी सकाळी सव्वासहाला सिद्धेश्वर तलावाच्या काठाशी ये. एकच लेन्स आण, पन्नास मिलिमीटरची. झूम घरी. वही आण, नसेल तर माझ्याकडे जास्तीची आहे. तासाभरात फक्त बारा फोटो काढायचे, तेराव्याला मी कार्ड काढून घेणार. मग बाजारात जाऊ.

आणि त्या दोर ओढणाऱ्यांपैकी कुणाचा नंबर घेतला होतास का? घेतला असेल तर आठ बाय बाराची प्रिंट मी काढून ठेवलीय, पोस्टाने पाठव. नसेल तर पुढच्या पौर्णिमेला तुला मालवण आहेच.

आईला सांग, शेंगाचटणीचा डबा माझ्याकडे राहिलाय. रिकामा आहे.

तुझा,
फोटोवाला काका