आवाज जाड केला की ओळख लपते का?

प्रश्न : आमचा महिला गट कौटुंबिक हिंसेवर दर पंधरवड्याला अर्ध्या तासाचा पॉडकास्ट काढणार आहे. दोघी जणी आपली हकिगत सांगायला तयार आहेत, पण ओळख उघड व्हायला नको. ॲपमध्ये आवाज जाड केला तर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘चेंज पिच’ने (आवाजाची पट्टी बदलण्याच्या सोयीने) तुम्ही आवाज जेवढा खाली आणाल तेवढाच दुसरा कोणी वर चढवून मूळ आवाजाच्या अगदी जवळ पोचू शकतो. शिवाय बोलण्याची लकब तशीच राहते. ‘धाकटी जाऊ’, ‘पोराची दहावी’, ‘कारखान्याची पाळी’ एवढं कानावर पडलं तरी सासरचा माणूस ओळखतो.

त्यापेक्षा हकिगत लिहून काढा आणि गटातल्या दुसरीकडून वाचून घ्या. गाव, मुलांची संख्या, नोकरी बदला. घडलेला प्रकार मात्र बदलू नका. वाचणारी वेगळी आहे आणि तपशील बदललेत, हे श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा. तयार भाग आधी जिची हकिगत आहे तिला ऐकवा, तिने हो म्हटल्यावरच बाहेर सोडा. व्हॉट्सॲपवर एकदा फिरलेली फाइल परत घेता येत नाही, हे संमतीआधीच स्पष्ट सांगायचं, नंतर नव्हे.

मूळ रेकॉर्डिंग कोणाच्याही घरच्या फोनवर ठेवू नका. क्लाउड बॅकअप आधी बंद करा, काम झालं की फाइल ट्रॅशमधूनही काढा. आयफोनचा व्हॉइस मेमो जागेच्या नावाने फाइल सेव्ह करू शकतो, ते नावही बदला.

बलात्काराची हकिगत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू होतं : पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, तिने स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरोधी कायद्याचं, कलम २३ आहे. तिथे आईवडिलांची सही पुरत नाही, विशेष न्यायालयाची परवानगी लागते.

प्रश्न : कॉलर माइकवर सारखी खरखर येते. माइक खराब आहे का?

उत्तर : बहुधा मंगळसूत्र आहे. माइक छातीवर मधोमध लावला की मणी त्यावर घासतात, सिल्कचा पदरही सळसळतो. माइक खांद्याकडे, पदराच्या पिनेपासून दूर लावा. वायरचा एक छोटा वेढा करून कापडाला टेपने चिकटवा. बांगड्या काढायला सांगण्यापेक्षा हात मांडीवर ठेवायला सांगितलेलं बरं.

पंखा आणि फ्रिज बंद करा, भिंतींना गोधड्या लावा. रेकॉर्डिंगची पातळी सर्वात मोठ्या आवाजालाही मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या (शून्याला आवाज फाटतो). फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही, बारीक आवाज वाढवता येतो. खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट वेगळी टिपून ठेवा, कापलेल्या जागी तीच भरायची. शेवटी मोनो (एकाच चॅनेलची), ६४ केबीपीएस दर्जाची एमपी३ फाइल काढा : अर्धा तास साधारण १४ एमबीत बसतो, महागड्या डेटापॅकवालीलाही उघडता येतो.

प्रश्न : त्यापेक्षा सरळ एफएम केंद्रच काढलं तर?

उत्तर : होतं की. तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूरचा संगम रेडिओ २००८ पासून दलित बायका चालवतात. आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. मात्र अशा केंद्राला, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या सामुदायिक रेडिओला, लागणारा परवाना व्यक्तीला मिळत नाही, नोंदणीकृत ना-नफा संस्थेलाच मिळतो. संस्था किमान तीन वर्षं काम करत असावी लागते. निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत आणि प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. २०२४च्या नव्या नियमांनुसार सल्लागार व आशय समितीत निम्म्या बायका असणं सक्तीचं आहे. ही सक्ती फार आधीच यायला हवी होती.

खरी अडचण बातम्यांची. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. पाणी, वीज, हवामान, परीक्षा यांची माहिती चालते. मोर्चाची बातमी द्यायची असेल तर पॉडकास्टच धरा आणि हिंसेविरोधी कायद्याची माहिती, हेल्पलाइन, महिला दक्षता समितीच्या वेळा एफएमवर घ्या.