शेतात खोदताना जुन्या गाडीचे लोखंडी भाग सापडले. ते कोणत्या गाडीचे आहेत हे कसं ओळखायचं?

भंगारवाल्याला इतक्यात बोलावू नका. तुम्ही लिहिलंय की शेततळं खोदताना पाच भोकांची रिम, इंजिनाचा बिडाचा ब्लॉक, चासीचा म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीचा तुकडा आणि डब्यासारखं काहीतरी निघालं, आणि गावात सगळे ते ट्रॅक्टरचंच म्हणतायत. गावात जमिनीतून लोखंड निघालं की ते ट्रॅक्टरचंच असतं. आमच्याकडेही तेच झालं होतं.

आमचं गाव सिन्नर तालुक्यात. मळ्यातली एक विहीर दुष्काळात आटली ती आटलीच, मग दगडमाती आणि घरातलं मोडकंतोडकं टाकून ती बुजवली. आबा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी डिस्पोजलमधली, म्हणजे लष्करानं विकायला काढलेली, मिलिटरीची जीप घेतली होती आणि ती पार मोडल्यावर तिचा सांगाडा याच विहिरीत ढकलला. थोरल्या काकांना हे कधीच पटलं नाही. "कसली मिलिटरीची? साधी महिंद्राची जीप, तीपण कुणाची तरी वापरलेली. आबांना मोठेपणा सांगायची सवयच होती." आबा गेल्यावरही प्रत्येक लग्नकार्यात हे व्हायचं आणि चुलतभाऊ हसायचे. मला ते फार लागायचं. शेवटच्या आजारपणात आबांच्या उशाशी मी बसायचो. त्या माणसानं खोटं सांगितलं नव्हतं.

पुढे पाइपलाइनसाठी त्याच जागी चर खणला आणि सांगाडा वर आला. काका बांधावरूनच म्हणाले, "ट्रॅक्टरचा आहे, किलोवर देऊन टाका." मी चासीचा पुढचा भाग ओढून पडवीत आणला. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. गंजाचे पापुद्रे निघत गेले तसा चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना पुढून जोडणारा आडवा भाग उघडा झाला. तो गोल पाइप होता.

हा पाइपच सगळं सांगतो. युद्धाच्या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून एकाच नमुन्याच्या सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. विलिसच्या एमबी जीपला पुढे हा गोल पाइप असतो, फोर्डच्या जीपीडब्ल्यूला त्याच जागी उलट्या यू आकाराचा पत्रा. महिंद्रानं १९४७ पासून ज्या नागरी विलिस जीप इथे जोडायला घेतल्या, त्यांनाही तो गोल पाइप नाही. म्हणजे आमची जीप युद्धातलीच.

चुलतभावानं मग दुसरा मुद्दा काढला. काही बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी एफ होता. फोर्ड आपल्या जीपच्या बोल्टांवर आणि सुट्या भागांवर तो ठोकायची. "मग ही फोर्डची. तुझा पाइप खोटा, नाहीतर जीपच जुळवलेली." अहो, दोन्ही जीपचे भाग एकमेकींना बसावेत म्हणूनच तर तशा बनवल्या होत्या! लष्कराच्या वर्कशॉपमध्ये हाताला येईल तो बोल्ट लागायचा. बोल्टावरून गाडी ठरत नाही. चासीला जे कायमचं जोडलेलं आहे, त्यावरून ठरते. बोल्टानं लावलेलं काहीही नंतर बदललेलं असू शकतं.

तुमच्या रिमचंही तेच. पाच भोकं आणि त्यांचं साडेपाच इंचाचं वर्तुळ युद्धातल्या जीपला आहे आणि महिंद्राच्या जुन्या जीपलाही. मात्र मधल्या पाच भोकांशिवाय रिमवर आणखी आठ नट असतील आणि ती दोन अर्ध्यांत सुटत असेल, तर ती युद्धकाळातली कॉम्बॅट रिम आहे. ब्लॉकवर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, असेल तर ते बघा. नुसतं चपटं झाकण असेल तर इंजिन साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच असलेलं, युद्धातल्या जीपसारखं. हेड उंच असून त्यात इनटेक व्हॉल्व्ह असतील, तर ते उंच बोनेटच्या सीजे-३बी या नागरी जीपचं असू शकतं, आणि ते मॉडेल अमेरिकेतसुद्धा १९५३ लाच आलं, म्हणजे युद्धातलं नव्हे. तिथे आणखी खणलंत आणि पुढची जाळी सापडली, तर उभ्या फटी मोजा. पत्र्याच्या जाळीला नऊ असल्या तर युद्धातली जीप, सात असल्या तर नागरी.

भागांवरचे नंबर वाचायच्या आधी ग्राइंडर लावू नका. ठोकलेले आकडे तेवढ्यानं जातात. संडास धुवायचं ॲसिडही नको. गंज काढायला प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घाला, भाग त्यात बुडवा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार भागाला आणि पॉझिटिव्ह एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला लावा. पट्टी आणि भाग एकमेकांना टेकू देऊ नका. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, साधं लोखंडच हवं. हे उघड्यावर करा, कारण हायड्रोजन सुटतो. ॲल्युमिनियमचा भाग यात टाकू नका.

ट्रॅक्टर नसेलच असं मी म्हणत नाही. फार्गोसारख्या जुन्या ट्रकचंही लोखंड गावोगाव पुरलेलं आहे. तो डबा म्हणजे जुनी बॅटरी निघाली तर त्यात शिसं असतं, ती शेततळ्याच्या पाण्यापासून लांब ठेवा. आणि जमीन देवळालीसारख्या तोफखान्याच्या फायरिंग रेंजजवळ असेल, तर लांबट, टोकदार किंवा शेपटाला पाती असलेल्या कशालाही हात लावू नका. काम थांबवा, ११२ ला फोन करा.

किंमत विचारलीत. सुटे भाग जुन्या जीप उभ्या करणारे लोक घेतात, पण कागदपत्रांशिवाय त्यातून रस्त्यावर चालवायची गाडी उभी करायच्या भानगडीत पडू नका. विकायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ते काय सांगतात ते लिहून घ्या. भावकीतला कुणी हसला तर त्याला चासी दाखवा. आमच्या काकांनी त्या दिवसापासून जीपचा विषय काढलेला नाही. चुलतभाऊ अजून "जुळवलेली" म्हणतो. त्यानं आधी त्या पाइपचं उत्तर द्यावं, मग आबांबद्दल बोलावं.